आप्पांसाठी वाचताना : नोंदवही, मे ते ऑक्टोबर २०२५

रविवार, २५ मे

आजपासून नोंदी ठेवते. काम असं : आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आप्पांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची. आप्पा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. काचबिंदूनं आधी कडेकडेचं दिसणं गेलं, मग मधलंही. काकू रोज सकाळी पेपर वाचून दाखवतात, पण पुस्तक त्यांच्याच्यानं होत नाही, घसा बसतो.

गेल्या मंगळवारी, २० तारखेला, जयंत नारळीकर गेले. संध्याकाळी मी खाली गेले तर आप्पा रेडिओ बंद करून बसलेले. म्हणाले, ‘‘अगं, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपलीच आद्याक्षरं उलटी करून. आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाबाईंकडून लिहून घेतली. बक्षीस मिळालं ते मजकुराला.’’ मग बराच वेळ गप्प. नंतर म्हणाले, ‘‘त्यांचं ‘आकाशाशी जडले नाते’ कपाटात आहे. माझ्यासाठी आता ती वीट आहे.’’

ते वाक्य घेऊनच मी वर आले.

ठरलं ते असं : एक विज्ञानाचं पुस्तक, मग एक कादंबरी, आलटून पालटून. आप्पांची अट एकच. ‘‘रडवणारी असली तरी चालेल, खोटी नको.’’ मी माझ्यापुरती आणखी एक घातली. वाचताना जिथे माझा आवाज बदलेल ते पान इथे लिहायचं, आणि कशामुळे बदलला तेही.

कायद्याचं बघून घेतलं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीपासून दृष्टिहीन वाचकासाठी अशी प्रत करायला परवानगी आहे, त्यातून नफा मात्र कमवायचा नाही.

सोमवार, २६ मे

पाऊस आजच आला, मेमध्येच. परळला गुडघाभर पाणी. पत्र्यावरच्या आवाजात रेकॉर्डिंग शक्य नाही.

रविवार, १ जून

जागा सापडली. आतल्या खोलीतलं कपडे टांगायचं कपाट उघडं ठेवायचं, दाराच्या दोन्ही फळ्यांवर आईच्या गोधड्या टाकायच्या आणि त्यांच्यामध्ये स्टूल. पंखा बंद. कॉलर माइक ओढणीला लावला तर कापड घासल्याचा आवाज येतो, म्हणून तो हँगरला लटकवला. पाणी पाच ते सहा येतं, तेव्हा सगळ्या इमारतीत पिंपं भरतात. सहा ते सातमध्ये शांतता. साडेसातनंतर कुकर.

एक फाइल वीस मिनिटांची. सुरुवातीला पुस्तक, प्रकरण, पान. चित्र असेल तर ते शब्दांत सांगायचं.

रविवार, ८ जून

आप्पांनी पहिल्या चार फाइली ऐकून एक दुरुस्ती सांगितली, आणि ती फार मोलाची आहे. ‘‘आकडा आला की दोनदा वाच. तुम्ही लोक मागे डोळा टाकून बघता. मला मागे जाता येत नाही.’’

खरंच, छापील आकडा आपण वाचतच नाही. त्याची लांबी बघतो आणि पुढे जातो. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. शाळेपासून माहीत असलेली गोष्ट. आज ती सावकाश, दोनदा, कपाटात बसून म्हटली आणि दुसऱ्यांदा म्हणताना थांबले. ‘लाख’ आणि ‘कोटी’ हे शब्द मी रोज बँकेत वापरते, दोन्ही जोडून कधीच वापरत नाही.

शनिवार, २१ जून

देवयानी दीर्घिकेपर्यंत आले. आवाज बदललेली पहिली जागा.

आप्पांना विचारलं होतं, कधी पाहिलीत का? म्हणाले, लहानपणी गावी, अश्विनात, खळ्यात झोपलो असताना मास्तरांनी बोट धरून दाखवली होती. आधी शर्मिष्ठा शोधायची, पाच ताऱ्यांची, इंग्रजी एम्‌सारखी दिसणारी. मग तिथून खाली. ‘‘तारा नव्हे. बोटानं पुसल्यासारखा डाग. पुसट. सरळ बघितलं की नाहीसा व्हायचा, जरा बाजूला बघितलं की दिसायचा.’’

हे अगदी बरोबर आहे. अंधुक प्रकाश ओळखणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी नसतात, कडेला असतात. आप्पांचं कडेचंच दिसणं आधी गेलं.

त्या डागापासून प्रकाश निघाला त्याला सुमारे २५ लाख वर्षं झाली. तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हताच. तो प्रकाश इतकं चालून आला आणि कोकणातल्या एका खळ्यात, दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात शिरून संपला. तिथेच, त्या मुलात. त्याच्या पलीकडे तो कुठे गेला नाही. आकडा दोनदा वाचायचा नियम आहे म्हणून दुसऱ्यांदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना आवाज गेला. फाइल १७. चार वेळा पुन्हा घेतली.

कादंबरी वाचून मी खूपदा रडले आहे. अंतराच्या आकड्यावर रडले ते पहिल्यांदा.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

आप्पांनीच पुढचं पुस्तक ठरवलं. ‘‘देवयानी झाली ना वरची, आता खालची वाच.’’ म्हणजे खांडेकरांची ‘ययाति’. आकाशात देवयानी, शर्मिष्ठा, ययाती आणि वृषपर्वा हे सगळे शेजारी शेजारी आहेत. इंग्रजी नकाशात त्यांना वेगळी नावं आणि वेगळी गोष्ट; आपल्या आकाशात ही.

सकाळी वडाळ्याला विठ्ठलाच्या देवळाकडे जाणाऱ्यांच्या टाळांचा आवाज. एक फाइल झाली.

रविवार, २० जुलै

‘ययाति’ १९५९ ची. मी कॉलेजात वाचली होती तेव्हा मला ती अलंकारांनी जड वाटली होती. मोठ्यानं वाचताना ती वेगळी लागते. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीनं आपापली बाजू सांगतात, आणि प्रत्येकीचा, प्रत्येकाचा आवाज धरावा लागतो. देवयानी वाचताना मला आपोआप ताठ बसावं लागलं. शर्मिष्ठेला दम कमी पडतो, वाक्यं वाऱ्यावर सोडावी लागतात. हे डोळ्यांनी वाचताना कधी कळलंच नव्हतं. तरी उपमा जास्त आहेत, हे माझं जुनं मत कायम आहे. तीन ठिकाणी भावना पोचलेली असताना तिच्यावर आणखी एक फूल ठेवलं आहे.

रविवार, २७ जुलै

म्हातारपण आलेला ययाती मुलाकडे तारुण्य मागतो तो भाग. वाचताना मला काही झालं नाही. ऐकताना आप्पांना झालं. मी समोरच होते, पेनड्राइव्ह बदलायला गेले होते.

त्यांनी प्लेअर थांबवला. ‘‘माझा मुलगा परवा फोनवर म्हणाला, बाबा, कुणाचा तरी डोळा बसवता येत नाही का? मी म्हटलं, चौकशी कर.’’ काकू भाजी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

काचबिंदूत तसं होत नाही. नेत्रदानातून मिळतो तो डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा. काचबिंदूनं मारलेला असतो तो डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू, आणि तो अजून कुणाला परत जोडता आलेला नाही. मी हे आप्पांना सांगितलं, जेवढं सरळ सांगता येईल तेवढं. ते म्हणाले, ‘‘मला माहीत आहे गं. त्यालाही माहीत असेल. पण त्यानं विचारलं.’’

पुरूनं दिलं ते मोठं, असं आपण शाळेत शिकतो. आप्पांना विचारणं मोठं वाटलं. मी यावर रात्रभर विचार करत होते.

शनिवार, २ ऑगस्ट

दोन पुस्तकं सुरू करून सोडली, थोडक्यात लिहिते. एक नवी कादंबरी : पहिल्या चाळीस पानांत तीन मृत्यू, आणि मेलेल्यांपैकी कुणाचा आवडता पदार्थसुद्धा आपल्याला माहीत होत नाही. दुसरं, विश्वाच्या रहस्यांवरचं : प्रत्येक परिच्छेदात ‘थक्क करणारे’, ‘अद्भुत’, ‘कल्पनेपलीकडचे’. थक्क होण्याचं काम लेखकानंच करून टाकलेलं, वाचकाला काही उरलंच नव्हतं. आप्पा दोन्हींना म्हणाले, ‘‘खोटी.’’

रविवार, १० ऑगस्ट

सिद्धार्थ मुखर्जींचं कॅन्सरचं चरित्र सुरू केलं, ‘द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज’. इंग्रजीतूनच वाचते, आप्पांना इंग्रजी उत्तम कळतं. कठीण शब्दाला मध्येच मराठी जोडते. परळमध्ये राहून हे पुस्तक वाचणं साधं नाही. सकाळी बँकेत निघाले की टाटा हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर बाहेरगावची माणसं बसलेली असतात, एक्स-रेची मोठी पाकिटं मांडीवर, लहान मुलांच्या तोंडाला मास्क. रोज बघते. या पुस्तकामुळे आता बघून पुढे जाता येत नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सुट्टी. सलग पाच फाइली करायच्या होत्या. दीड झाली.

ल्यूकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, औषधाची गोष्ट सांगता सांगता पुस्तक एकदम मुंबईत येतं. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर इथे आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत होत्या, मरत होत्या. रक्त तपासलं तर तांबड्या पेशी कमी आणि आकारानं मोठ्या. लोहानं फरक पडेना. विल्सबाईंनी त्या काय खातात, कशा राहतात ते तपासलं, आणि शेवटी उपाय निघाला तो मार्माइट : बिअर करून उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क, लेहासारखा. ते चाटवलं की रक्त भरून येऊ लागलं. त्यात काय होतं ते बऱ्याच वर्षांनी कळलं. फॉलिक अ‍ॅसिड. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं, आणि लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून त्याचं नाव पडलं.

विल्सबाई इथे हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होत्या. आमच्या बसस्टॉपपासून चालत दहा मिनिटं. त्या फाटकावरून मी हजारदा गेले असेन.

आणि माझी पणजी, आईची आजी, गिरणीत वायंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होती.

फाइल ५२ मध्ये ‘मिल’ या शब्दानंतर सव्वा मिनिट काही नाही. फक्त लांबून देशभक्तीची गाणी.

मंगळवार, १९ ऑगस्ट

लोकल बंद, ऑफिसला जाता आलं नाही. शनिवारी दहीहंडी, मग हा पाऊस, रेकॉर्डिंग ठप्प. आईजवळ बसून पणजीचं विचारलं.

आईला तिच्या आईनं सांगितलेलं, आणि तिला तिच्या मावशीनं. दुसऱ्या बाळंतपणात गेली. बाळही गेलं. ‘‘कागदासारखी झाली होती म्हणे. नखंसुद्धा पांढरी. चाळीचा जिना चढताना दोनदा बसायची, आणि तशीच कामाला जायची. लोक म्हणायचे, पंडुरोग. कुणी म्हणायचे, नजर.’’ साल? आईनं बोटं मोजली. आजी तेव्हा दोन वर्षांची. म्हणजे १९३१ च्या आसपास.

विल्सबाईंचा यीस्टच्या उपायावरचा निबंध १९३१ चा आहे.

मी आईला ती दोन पानं मराठीत सांगितली. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून तिनं डबा उघडला, चहाची पत्ती काढली, आणि पाठमोरी राहूनच म्हणाली, ‘‘तुझ्या वेळेला मला महापालिकेच्या दवाखान्यातून लाल गोळ्या द्यायचे. मी अर्ध्या फेकून दिल्या. मळमळायचं.’’

गरोदर बाईला आज सरकारी दवाखान्यात मिळते त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. हे फॉलिक अ‍ॅसिड मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी कमी. हा आकडा मी आईलाही दोनदा सांगितला.

रविवार, २४ ऑगस्ट

५२ पुन्हा घेतली, नीट झाली. आप्पांना दोन्ही ऐकवल्या. त्यांनी पहिली ठेवायला सांगितली. मला पटलं नाही; मी खाली वाचक म्हणून येते, माझं घरचं घेऊन नाही. शेवटी दोन्ही ठेवल्या, ५२ आणि ५२-अ.

पुढचा भाग त्याच धाग्यावर. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्यूकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिड दिलं, रक्त सुधारेल म्हणून. रोग उलट भराभर वाढला. मग त्यांच्या मनात आलं, ज्यानं वाढतो ते अडवलं तर? अडवणारं रसायन बनवून दिलं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेनं. आंध्रातल्या भीमावरमचा माणूस. १९४८ च्या अहवालात सोळा मुलं, दहांना उतार पडला. काही महिन्यांचाच, पण त्याआधी तेवढाही पडत नव्हता. सुब्बाराव त्याच वर्षी ८ ऑगस्टला गेले, ५३ वर्षांचे.

आप्पांनी विचारलं, ‘‘त्या मुलांपैकी कुणाचं नाव दिलंय का?’’

एकाचं दिलंय. रॉबर्ट सँडलर, दोन वर्षांचा, जुळ्यांतला एक. सांगता सांगता लक्षात आलं आणि वर येऊन पहिलं पान उघडलं. पुस्तक त्यालाच अर्पण केलेलं आहे. १९४५–१९४८. पहिल्या फाइलमध्ये मी ते नाव वाचलं होतं, स्वच्छ आवाजात, आणि काही वाटलं नव्हतं.

यापुढे पुस्तक संपलं की अर्पणपत्रिका पुन्हा वाचायची. नियम म्हणून लिहून ठेवते.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपती. लालबागला रांगा, रात्रभर ढोल. एकही फाइल नाही. आप्पांनी या दिवसांत ५२ पासून पुढे सगळं दुसऱ्यांदा ऐकलं.

रविवार, १४ सप्टेंबर

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’. १९६३. ही मी सुचवली. भाऊ हॉस्टेलला असताना त्यानं घरी आणलेली प्रत, कव्हर निघालेली. मोठ्यानं वाचायला विलक्षण सोपी, कारण ती बोलल्यासारखीच आहे; स्वल्पविराम कुठे घ्यायचा ते ती आपणहून सांगते. आप्पा पहिल्या सहा फाइलींत मोठमोठ्यानं हसले, काकूंनी वर येऊन सांगितलं.

रविवार, २८ सप्टेंबर

मनीपाशी आले. कादंबरीचा नायक पांडुरंग, त्याची धाकटी बहीण. तिला देवी येतात, आणि त्यातच ती जाते.

मला हे येणार ते माहीत होतं. आधी पाणी प्यायले, फोन बंद केला, आणि एका दमात वाचायचं ठरवलं. वाचलंही. आवाज कुठेच फुटला नाही, कारण मी रडत नव्हते, संतापले होते. विशीत वाचलं तेव्हा नुसतं रडले होते. तेव्हा मला तारखा माहीत नव्हत्या.

देवीची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली ती मुंबईतच. १४ जून १८०२, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. बगदादहून बसऱ्यामार्गे, या दंडातून त्या दंडात टोचत टोचत आणली होती. ‘कोसला’ आली ती त्यानंतर १६१ वर्षांनी, आणि त्यात खानदेशातल्या एका घरातली मुलगी देवीनं मरते, आणि तेव्हाच्या वाचकाला त्यात काही अशक्य वाटलं नसणार. पातळ लस उन्हाळ्यात खराब व्हायची. उष्णता सोसणारी सुकवलेली लस १९५० च्या दशकात आली. आपल्याकडे राष्ट्रीय मोहीम सुरू झाली १९६२ मध्ये. देशातला शेवटचा रुग्ण १९७५ चा. जग देवीमुक्त झाल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं.

विज्ञानाच्या पुस्तकात १८०२ आणि १९८० या दोन तारखा एका ओळीत येतात. मधली सगळी माणसं त्या ओळीतल्या मोकळ्या जागेत असतात. नेमाड्यांनी त्यातल्या एकीला नाव दिलं, आणि तिचा भाऊ त्या पानांवर शोक कसा करतात ते ठाऊक नसलेल्या माणसासारखा बोलतो. कुठे फूल नाही, काही नाही. म्हणून तो संताप साठ वर्षांनंतरही ताजा राहतो.

फाइल ७१. एकदाच घेतली.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला खाली गेले. आप्पांनी ७१ ऐकली होती. आपट्याची पानं हातात तशीच धरून म्हणाले, ‘‘माझ्यामागची एक बहीण होती. त्यातच गेली. तिला टोचायला न्यायचं होतं, पण त्या दिवशी भात लावणी होती.’’

काकू चमकून बघत राहिल्या. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

मग आप्पांनी सदऱ्याची डावी बाही वर केली, बोट दंडावर फिरवत नेलं आणि एका जागी थांबवलं. चार आण्याएवढा वण, आत दबलेला, वर बारीक सुरकुत्या. ‘‘मला मात्र आधी टोचलेलं होतं. बघ, सापडतो अजून, न बघता.’’ माझं बोट धरून त्यावर ठेवलं. गुळगुळीत होता, आजूबाजूच्या कातडीपेक्षा जरा गार. माझ्या दंडावर असा वण नाही. माझा जन्म १९८० चा.

बहिणीचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. इथे लिहीत नाही, पण ७१ च्या सुरुवातीला, पुस्तक, प्रकरण, पान यांच्यानंतर, ते नाव घालून द्यायचं असं त्यांनी मला सांगितलं आहे.

रविवार, ५ ऑक्टोबर

७१ ची सुरुवात पुन्हा केली. ७२, ७३, ७४ झाल्या. ‘कोसला’ची सुमारे साठ पानं उरली. पुढचं विज्ञानाचं असेल. आप्पांना मेंदू आणि दृष्टीवरचं हवं आहे, डोळे गेल्यावर स्वप्नात काय दिसतं त्यावर काही असेल तर ते आधी. उद्या पाणी लवकर आहे, साडेचारला. म्हणजे साडेपाचपासून बसता येईल.